जिभेची माफी

८ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "अँटी बिरागो, रक्तदाब चढला की भांडू नका, वहीत लिहीत जा." आजवर मला लिहिण्यापेक्षा भांडणंच मानवत आलं. पण आज भांडायचं कुणाशी तेच कळेना, म्हणून वही उघडली.

काल संध्याकाळी दोन दिवसांनी लाईट आली. सगळी गल्ली आनंदाने ओरडली. माझ्या खाणावळीतला पंखा कण्हला, बल्ब फट्कन फुटला आणि काचा नेमक्या सूपच्या पातेल्यात पडल्या. ते पातेलं ओतून देतेय तोवर बाजाराकडून आरडाओरडा ऐकू आला. अजेकुमच्या बर्फातल्या मासळीच्या दुकानातून धूर निघत होता. मी दोन बादल्या घेऊन धावले, अख्खं गाव धावलं. विहिरीपासून रांग लावून पाणी ओतलं, पण दुकान काही वाचलं नाही. माझं नवं लुगडं काजळीने वाया गेलं आणि गावाला अजून जळक्या मासळीचा वास येतोय.

घरी आले तर अंगणातल्या टाकीजवळ सार्फो हात धूत होता. कोपरापर्यंत काळे हात. मला पाहून त्याने मान खाली घातली. मी काही न विचारता दार लावून घेतलं.

सार्फो माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ती गेली तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. तेव्हापासून मीच त्याची आई, 'मोठी आई'. फ्रीज दुरुस्त करतो, गावातले सगळे फ्रीज त्याच्याच हातचे. मंगळवारी अजेकुमशी त्याचं वाजलं होतं. भरबाजारात अजेकुम म्हणाला, "तुझ्या आईत काही असतं तर तुला काही शिकवून मेली असती." मेलेल्या आईवर गेल्यावर कोण गप्प बसेल? सार्फो म्हणाला, "तुझ्या दुकानाला आग लागो." सगळ्यांनी ऐकलं. असा शाप तोंडातून गेला की मेंढा आणि दारू घेऊन तो परत घ्यावा लागतो, नाहीतर तो सात पिढ्यांना पुरतो. मी त्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला, शनिवारी जाऊ.

आज शनिवार. सकाळी दोन पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. कशासाठी ते त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मी जे केलं ते माझ्या आईलाही जमलं नसतं.

चर्चमधून परस्पर दादाकडे गेले. द्वोमोदादा माझा थोरला भाऊ, आमच्या कुळाचा कर्ता. त्याच्याशिवाय पान हलत नाही, आणि तो असला की पानाला हलायची भीती वाटते. तो म्हणाला, पोलिसांचं नंतर बघू, आधी अजेकुमच्या दारात जायचं. श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या, अंडी आणि एक मेंढा घेतला. मेंढा इतका अडेल की अर्धी वाट मी ओढला नि अर्धी वाट त्याने मला ओढलं.

अजेकुम जळक्या दुकानासमोर स्टुलावर बसला होता. डोळे लाल, दोन दिवसांची दाढी. एरवी इस्त्रीच्या शर्टाशिवाय दिसत नाही तो. मला वाईट वाटलं. त्याच्या घरचे वडीलधारे जमले, तेव्हा दादाने पेल्यातली दारू थेंबथेंब जमिनीवर सांडत पूर्वजांना हाक मारली आणि माफी मागितली. मी मागे गुडघ्यावर बसले होते, डोकं झाकून. दादा काय काय बोलला त्यातलं मला निम्मंच आठवतंय, कारण मी रडत होते. त्यांच्या म्हाताऱ्याने पेला घेतला, ओठाला लावला. म्हणजे माफी पोचली.

घरी आले तेव्हा छातीवरचा दगड उतरला होता. पोराकडून चूक झाली, पण मोठ्या माणसांनी ती पोटात घातली. आता एक-दोन दिवसांत सुटेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौकीवर डबा दिला. कांडलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा आणि बकऱ्याचं सूप. इन्स्पेक्टर बाइडू माझं रोजचं गिऱ्हाईक, माझ्याच हातचं खाऊन त्याचं पोट सुटलंय. अगदी गोड बोलला. म्हणाला, "अँटी, माफी मागून आलात ते फार चांगलं केलंत. सगळं कसं सोपं होतं मग."

सार्फोला गजांआडून पाहिलं. त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, पण मी म्हणाले, "काळजी करू नकोस, मी आणि मामांनी सगळं निस्तरलंय." त्याने तोंड मिटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाइडूने बोलावून घेतलं. म्हणाला, पोरगा हट्टी आहे, काही केलं नाही म्हणतो. त्याने एका कागदावर सही केली की विषय संपला, पुढचं मोठी माणसं घरच्या घरी मिटवतील. तुमचं ऐकेल तो.

माझं ऐकतोच तो. गजांजवळ जाऊन म्हणाले, "सार्फो, सही कर आणि घरी चल." तो माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस?" मी म्हणाले, "मीच म्हणतेय." मग त्याने सही केली.

बाइडूच्या ताटात आज मांसाच्या दोन फोडी जास्त घातल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहवत नाही, पण नर्सने सांगितलंय.

आज त्याला कोर्टात उभं केलं. घरी सोडायला नव्हे, आरोप ठेवायला. पोलिसांच्या वकिलाने तो कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, मी सार्फो, रागाच्या भरात अजेकुमच्या दुकानाला आग लावली, आणि माझ्या घरच्यांनी माझ्या वतीने त्याबद्दल माफी मागितली आहे. खाली त्याची सही. शेजारी साक्षीदाराची. गुन्हा शाबीत झाला तर कित्येक वर्षं आत, असं शेजारी बसलेल्या एका माणसाने मला हौसेने सांगितलं.

मी बाइडूकडे पाहिलं, तर तो छताकडे बघत होता. अजेकुमला बाहेर गाठलं. म्हणाले, तू तर आमची दारू घेतलीस ना? तो म्हणाला, "घेतली. पण अँटी, ज्याने काही केलं नाही तो मेंढा घेऊन येतो का?"

सार्फोला गाडीत घालून तुरुंगात नेलं. मी त्याला आगीतून काढायला गेले आणि फुफाट्यात टाकून आले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सरकारने फुकट दिलेली वकीलबाई आली. नाव एन्योनाम. व्होल्टा नदीपलीकडची, आमची भाषा बोलते पण प्रत्येक शब्दाला जरा वेगळ्या बाजूने उचलते. एवढीशी चण. मला वाटलं, ही कोर्टात उभी राहिली तर टेबलावरून दिसायची नाही.

म्हणाली, आता यापुढे सार्फोने कुणापुढे एक अक्षर बोलायचं नाही. मी म्हणाले, "बाई, आमच्यात म्हणतात, कर नाही त्याला डर कशाला? गप्प बसणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच."

"आई," ती म्हणाली, "पोटात भीतीही असते. घाबरलेला माणूस न केलेलंही कबूल करतो. म्हणून राज्यघटनेत लिहून ठेवलंय की आरोपीला बोलायला भाग पाडायचं नाही. त्याने काही सिद्ध करायचं नसतं. ज्यांनी बोट दाखवलंय त्यांनी करायचं असतं. तोवर तो निर्दोष."

मी म्हणाले, तोवर म्हणजे काय? निर्दोष असतो किंवा नसतो. ती म्हणाली, ते देवाला माहीत. कोर्टाने मात्र तोवर तसंच मानायचं. मला हा शुद्ध वकिली चावटपणा वाटला, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. ती हसली. माझ्या हातचे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे दोन केंके मिरचीच्या चटणीबरोबर खाल्ले आणि अजून आहेत का विचारलं, म्हणून मी जास्त बोलले नाही.

मग तिने प्रश्नांची सरबत्ती लावली. पकडून नेताना कारण सांगितलं का? नाही. वकील घेता येतो हे सांगितलं का? नाही. शनिवारी सकाळी नेलं, कोर्टात कधी आणलं? गुरुवारी. ती बोटं मोजायला लागली. अठ्ठेचाळीस तासांत कोर्टापुढे आणायला हवं, रविवार असो की सण असो. सही कुणासमोर केली? ते मला माहीत नव्हतं. ती प्रत्येक उत्तरावर मान डोलवत होती आणि दर वेळी जरा जास्त खूश दिसत होती. माझं पोर आत, आणि हिला आनंद. राग आला मला.

ती गेल्यावर मात्र आईची आठवण आली. सैनिकांचं राज्य होतं तेव्हा ती बाजारात कापड विकायची. एके दिवशी कुणीतरी म्हटलं, ही जास्त भावाने विकते. झालं. तिला चौकातल्या बाकावर पालथं पाडून फटके मारले. कुणी तिला विचारलं नाही, कोर्ट नाही, कचेरी नाही. मी केसांना रिबिनी लावून शाळेतून येत होते. ते सगळे लोक ओळखीचे होते आणि त्यांना वाटत होतं की तिने केलंच असणार. तिने केलं होतं की नाही, हे मला अजून माहीत नाही. मारण्याआधी विचारायला हवं होतं, एवढं मात्र तेव्हाही कळलं होतं.

४ मार्च, मंगळवार

जामीन मिळाला. ज्याचं स्वतःचं घर आहे अशा माणसाने हमी द्यावी, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. दादा काठी टेकत उठला. ज्या घराच्या भिंतीला आम्हाला हातही लावू देत नाही, ते घर त्याने दोन मिनिटांत गहाण टाकलं. बाहेर आल्यावर मी त्याचे पाय धरले तर म्हणाला, "रस्त्यात लोळू नकोस, लोक बघतात."

सार्फो वाळलाय. गाडीत खिडकीबाहेर बघत बसला होता.

२८ मार्च, शुक्रवार

घरात असून नसल्यासारखा. फ्रीज दुरुस्तीला कुणी बोलवत नाही. खाणावळीतही निम्मी बाकं रिकामी. जे येतात ते जेवताना बोलत नाहीत आणि जेवल्यावर तोंड धुवायच्या आत निघतात. पेट्रोल पंपावरच्या म्हातारीने काल मला विचारलं, काड्यापेटी आहे का? मी तिला असं काही सुनावलं की नर्सने ऐकलं असतं तर दवाखानाच सोडला असता.

सार्फोला त्याच्या आवडीचं पामच्या फळांचं सूप केलं. जेवला. "छान झालंय," म्हणाला, एवढंच.

२२ एप्रिल, मंगळवार

वकीलबाईने जिल्ह्याच्या गावी ऑफिसात बोलावलं. म्हणाली, त्या जबाबाबद्दल कोर्टात वाद होईल, तेव्हा तुम्हाला साक्ष द्यावी लागेल. बाइडू काय म्हणाला आणि तुम्ही पोराला काय सांगितलंत, जसं झालं तसं सांगायचं.

मग मला राहवलं नाही. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. म्हणाले, "बाई, मी त्याचे हात पाहिलेत. त्या संध्याकाळी. कोपरापर्यंत काळे. मी दार लावून घेतलं आणि कुणाला बोलले नाही. हे कोर्टात विचारलं तर मी काय करू?"

ती लिहायचं थांबली. "तुम्ही गेला होतात का आग विझवायला?"

"म्हणजे काय. दोन बादल्या घेऊन."

"घरी आलात तेव्हा तुमचे हात कसे होते?"

मला लुगडं आठवलं. ते मी तीन वेळा धुतलं, शेवटी भांडी पुसायला काढलं. माझे हात तर बगलेपर्यंत काळे होते. दादाची दाढीसुद्धा काळी झाली होती. त्या दिवशी ज्याचे हात स्वच्छ होते असा माणूस गावात शोधावा लागला असता.

मग तिने मला पाण्याची पिशवी दिली. मी कोपरा दाताने तोडला आणि ती तशीच हातात धरून बसले. परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती, ती चोच मारत होती आणि मी तिला काही म्हटलं नाही.

घरी आल्यावर सार्फोला काहीतरी म्हणावंसं वाटलं. तो मागच्या खोलीत पंखा उघडून बसला होता. मी दारातून परत फिरले.

२० मे, मंगळवार

आज अजेकुमची साक्ष.

कोर्ट भरलं होतं. त्याच्या घरचे म्हातारे पहिल्या रांगेत, आमचे दुसऱ्या. पोलिसांच्या वकिलाने त्याला विचारलं, आरोपीच्या घरचे दारू आणि मेंढा घेऊन आले होते का? आले होते. माफी मागितली का? मागितली. वकील जिंकल्यासारखा खाली बसला.

मग आमची वकीलबाई उठली. टेबलावरून दिसली. चांगली दिसली.

तिने विचारलं, दारू जमिनीवर सांडताना कुळाचे कर्ते ओपानिन द्वोमो काय बोलले? अजेकुम म्हणाला, माफी मागितली. ती म्हणाली, "ते नव्हे. शब्द काय होते?"

पहिल्या रांगेत त्यांचा तो म्हातारा, ज्याने पेला ओठाला लावला होता, काठीवर हनुवटी टेकून अजेकुमकडे बघत होता. दारूवर बोललेले शब्द पूर्वजांनी ऐकलेले असतात. बायबलवर हात ठेवून खोटं बोलणारी माणसं मी पाहिलीत, माझ्या खाणावळीतच जेवतात. पण त्या शब्दांत फेरफार करणारा मी तरी पाहिला नाही.

अजेकुमने घाम पुसला. म्हणाला, "ते म्हणाले, आमच्या पोराची जीभ घसरली. आईच्या नावाने बोललं गेलं म्हणून त्याने शाप दिला. तो शाप आम्ही परत घेतो."

"हाताबद्दल काही बोलले?"

"नाही."

"आगीबद्दल?"

"नाही, बाई. फक्त जिभेबद्दल."

पोलिसांचा वकील उठला आणि परत बसला. मी दादाकडे पाहिलं. तो समोर बघत होता, पण मिशीखाली काहीतरी हललं. मी तेव्हा रडत होते म्हणून मला शब्द आठवत नव्हते. मी माफी मागत होते आगीची. दादा मागत होता जिभेची. त्याला पोराबद्दल कधी शंकाच आली नव्हती का? विचारायची हिंमत झाली नाही.

बाहेर अजेकुम माझ्यासमोर आला. वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल. "माझं दुकान गेलं, अँटी," एवढंच म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

१० जून, मंगळवार

अजून तो कागद उरलाय. त्याच्यासाठी खटल्याच्या पोटात आणखी एक छोटा खटला झाला. सही मनापासून केली की करवून घेतली, एवढंच ठरवायचं.

आधी साक्षीदार रझाक. हा चौकीसमोर छत्रीखाली मोबाईलचं बॅलन्स विकतो. कायद्याने कबुली घेताना तिऱ्हाईत माणूस शेजारी बसायला हवा, आरोपीची भाषा कळणारा आणि कागद वाचता येणारा. वकीलबाईने विचारलं, सार्फो बोलत असताना तुम्ही कुठे होतात?

"छत्रीखाली," रझाक म्हणाला. कोर्टात हशा पिकला. बिचारा गोंधळला. म्हणाला, साहेबांनी हाक मारली, कागद तयार होता, मी सही केली. गिऱ्हाईकं खोळंबली होती. वाचला का? नाही, बाई. नेहमी अशाच करता का सह्या? तो म्हणाला, साहेब रोजचे शेजारी, नाही कसं म्हणायचं? न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बाइडूने आज छताकडेही पाहिलं नाही, बुटांकडे पाहिलं.

मग सार्फो. त्याला विचारलं, सही का केली? मारलं का? नाही म्हणाला. मग का?

"मोठ्या आईने सांगितलं म्हणून."

नंतर मी. शपथ घेतली. बाइडू काय म्हणाला ते सांगितलं, सही केली की विषय संपेल, घरच्या घरी मिटेल. मी पोराला काय म्हणाले तेही सांगितलं. मी एक शब्द गाळला नाही.

पोलिसांचा वकील उठला. चांगल्या इस्त्रीचा, तरणाबांड. म्हणाला, "आपण त्याला आईसारखं वाढवलंत. निर्दोष मुलाला कुठली आई कबुलीवर सही करायला सांगेल? त्यानेच केलंय असं तुम्हाला वाटत होतं, म्हणून तुम्ही सांगितलंत. हो की नाही?"

शपथ घेतली होती. हो म्हटलं तर पोर बुडतं. नाही म्हटलं तर खोटं. मी कठड्याला धरून उभी राहिले. पंख्याचा आवाज येत होता. सार्फो माझ्याकडे बघत होता.

वकीलबाई ताडकन उठली. हरकत आहे, म्हणाली. साक्षीदाराला काय वाटत होतं हा पुरावा नाही, मग ती आई का असेना. न्यायाधीशबाई म्हणाल्या, हरकत मान्य, साक्षीदाराने उत्तर द्यायचं नाही.

कायद्याने माझं तोंड बंद केलं म्हणून मी वाचले. पण मी गप्प राहिले होते आणि ते त्याने पाहिलं होतं.

१ जुलै, मंगळवार

कागद गेला. न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला. अटकेचं कारण सांगितलं नाही, वकिलाचा हक्क सांगितला नाही, घटनेने दिलेल्या मुदतीच्या पलीकडे कोठडीत ठेवलं, साक्षीदार नावाचाच होता, आणि सुटकेचं आमिष दाखवून घरच्या माणसाकडून दबाव आणला. असा जबाब हे कोर्ट बघणारही नाही.

घरच्या माणसाकडून. म्हणजे मी. भर कोर्टात निकालात आले.

वकीलबाई बाहेर येऊन म्हणाली, आता त्यांच्याकडे एक शिवी आणि एक मेंढा एवढंच उरलंय. मी म्हणाले, मेंढा तर त्यांनी खाल्ला. दादा हसला. दादा हसताना त्याला पुढचे दात नाहीत हे पहिल्यांदाच कळलं.

२२ जुलै, मंगळवार

सुटला. माझा सार्फो सुटला.

फार वेळ लागलाच नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, आरोपीला आग लावताना कुणी पाहिलं नाही. आग लावली गेली की आपोआप लागली, हेही फिर्यादी पक्षाला सांगता आलेलं नाही. रागात दिलेला शाप हा पुरावा होत नाही. आणि शांततेसाठी वडीलधाऱ्याने मागितलेली माफी आरोपीची कबुली ठरवली, तर या देशात कुणी कुणाची माफी मागायला धजणार नाही. आरोपीला उत्तर द्यायलाही बोलावण्याची गरज नाही. निर्दोष मुक्त.

माझे गुडघेच गेले. वकीलबाईने एका बाजूने धरलं, रझाकने दुसऱ्या. तो कशाला आला होता कोण जाणे, छत्री बंद करून आला होता. एन्योनामला मी उचलूनच घेतलं, तशी आहेच ती उचलण्याएवढी. दादाने कागद मागितला, त्याच्या घराचा, आणि खिशात घालून तिथल्या तिथे खिशाला पिन लावली.

गावात शिरलो तर खाणावळीसमोर बायका जिंकून आलेल्यावर थापायची पांढरी पावडर घेऊन उभ्या. सार्फोच्या मानेवर, खांद्यावर, माझ्या तोंडावर, जिथे मिळेल तिथे थापली. पेट्रोल पंपावरची म्हातारी सर्वांत पुढे होती. मी तिला काही बोलले नाही, आज सगळ्यांना माफ. बाइडू आला नाही, बरंच झालं. त्याच्या वाटणीचं मांस मी रझाकला वाढलं.

सगळे पांगल्यावर सार्फो मागच्या अंगणात बाकावर येऊन बसला. मी भांडी घासत होते. तो म्हणाला, "मोठी आई, त्या वकिलाने विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस."

मी घासणं थांबवलं नाही. म्हणाले, "शपथ घेतली होती. खोटं बोलायचं नव्हतं."

त्याने खांद्यावरची पावडर झटकली. मग म्हणाला, "बाइडूने विचारलं, पोलिसांच्या वकिलाने विचारलं, गावात पोरंटोरंसुद्धा विचारत होती. तू नाही विचारलंस. सही कर म्हणालीस, पण विचारलं नाहीस."

मी पातेलं खाली ठेवलं. हात पुसले आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. आता त्याला उत्तर द्यायला कुणी भाग पाडू शकत नव्हतं. मीसुद्धा नाही.

"सार्फो," मी म्हणाले, "तू लावलीस का रे आग?"

"नाही, मोठी आई."

न्यायाधीशबाईंनी सांगितलं तेव्हा माझे गुडघे गेले होते. आता मी पदर तोंडाला लावून रडले, मोठ्याने, लहान पोरीसारखी, आणि त्याने मला रडू दिलं.